सिंहगडाच्या वाटेवरील द्रव्यपरिचय : कुडा, धायटी व इतर काही द्रव्ये

द्रव्यगुणाच्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी कुटज, धातकी, मदनफळ, लांगली ही द्रव्ये रस-वीर्य-विपाकासह पाठ केली. वनस्पतीसंग्रहाच्या वहीत वाळलेली पाने चिकटवली, परीक्षा दिली, आणि पुढे व्यवसायात पडल्यावर हीच द्रव्ये आपल्यासमोर आली ती पोत्यातून, पुडीतून अथवा भरडीच्या रूपात. जिवंत झाड, त्याचे फूल, त्याची शेंग यांच्याशी संबंध तुटला तो तुटलाच. कुटजारिष्ट नित्य वापरणाऱ्या किती वैद्यबंधूंना कुड्याचे झाड शंभर पावलांवरून ओळखता येईल, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा. चरकाचार्यांनी न ओळखलेल्या औषधास विष, शस्त्र व अग्नी यांच्या पंक्तीस बसविले आहे. औषधांची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक जाणतात, असेही त्यांनी त्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. ही दोन्ही विधाने एकत्र वाचावीत अशी आमची वाचकांस विनंती आहे.

या लेखाचा विषय एक डोंगर आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर असलेला सिंहगड पुणेकरांस नवा नाही. पूर्वीचा कोंढाणा, १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे येथे धारातीर्थी पडले हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. रविवारी सकाळी हजारो माणसे गड चढतात, देवटाक्याचे पाणी पितात, पिठले-भाकरी व मडक्यातील दही खाऊन खाली येतात. त्यात गैर काहीच नाही. आम्हीही ते दही आवडीने खातो. परंतु याच वाटेच्या दोन्ही अंगांस आपल्या औषधालयातील अर्धा डझन द्रव्ये उभी आहेत, याकडे आपल्यापैकी फारच थोड्यांचे लक्ष जाते.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर. आतकरवाडीहून निघणाऱ्या पायवाटेने सुमारे ६०० मीटरची चढण चढावी लागते. गोळेवाडीवरून मोटारीचा रस्ताही वर जातो, पण द्रव्यपरिचयासाठी तो निरुपयोगी होय. पायथ्याशी बाभूळ-बोरीची कोरडी झुडपे, मध्यावर गवताळ उतार, वर कड्यांच्या सावलीत व घळींत दाट ओलसर झाडी असा बदल दीड-दोन तासांच्या चालीत पायाखालून जातो. जांगल व साधारण देशांचे वर्णन आपण कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात वाचतो. ते येथे काही अंशी डोळ्यांनी पाहता येते.

आमच्या अभ्यासमंडळातील आठ-दहा वैद्य आणि दोन फार्मसीचालक मिळून आम्ही हा डोंगर वर्षातून चार वेळा चढतो. चार वेळा अशासाठी की, एका भेटीत झाड ओळखता येत नाही. फूल एका ऋतूत, फळ दुसऱ्यात, आणि औषधी अंग गोळा करण्याचा काळ बहुधा तिसऱ्यात.

प्रथम कुड्याविषयी, कारण या लेखाचे निमित्त तोच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या औषधालयात एका व्यापाऱ्याकडून कुटजत्वकाचे पोते आले. साल दिसावयास नीट, वाळलेली, स्वच्छ. तुकडा तोंडात धरून चघळला, तो कडूपणा जवळजवळ नाही. कुटजाची साल जिभेवर ठेवताच जो तिक्त रस पसरतो आणि बराच वेळ रेंगाळतो, त्याचा मागमूस नव्हता. आम्ही माल परत केला. व्यापारी रागावला. "अहो वैद्य, कुडाच आहे हा. माणसाने माझ्यासमोर झाडाची काढली आहे," असे तो म्हणाला. आणि ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, तो खोटे बोलत नव्हता. माल कुड्याचाच होता. पण काळ्या कुड्याचा.

आपल्याकडे 'कुडा' या एका नावाखाली निदान तीन झाडे येतात. पांढरा कुडा (होलॅऱ्हेना प्युबेसन्स, जुने नाव होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका) हा आयुर्वेदिक फार्माकोपियाने मान्य केलेला कुटज. काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) आणि तांबडा कुडा (राइटिया आर्बोरिया) ही त्याच कुळातील, पण वेगळ्या गणातील झाडे. तिन्हींना चीक, तिन्हींची पाने समोरासमोर, तिन्हींच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. सालीचे तुकडे झाल्यावर तर दृष्टीने भेद करणे सवयीच्या माणसासही अवघड जाते. झाडावर मात्र भेद स्पष्ट आहेत. पांढऱ्या कुड्याचे पान मोठे, रुंद, जवळजवळ बिनदेठाचे. काळ्या कुड्याचे पान त्या मानाने लहान, आणि त्यापासून पूर्वी निळा रंग काढीत. वैशाख-ज्येष्ठात दोन्हींस पांढरी, सुवासिक फुले येतात, म्हणून केवळ रंगावर जाऊ नये. फूल हातात घेऊन त्याच्या मुखाशी पाहावे. काळ्या कुड्याच्या फुलात झालरीसारखे तंतू आणि मध्ये वर आलेला पुंकेसरांचा शंकू दिसतो. पांढऱ्या कुड्याच्या फुलाचे मुख मोकळे असते. शेंगांची खूण त्याहून सोपी. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा बारीक, लांब आणि एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यामुळे जोडीची कमान होते.

ही शेवटची खूण आम्हास कोणत्याही ग्रंथाने शिकविली नाही. पायथ्याशी करवंदे विकावयास बसलेल्या एका वृद्ध बाईंना आम्ही झाड दाखवून विचारले, "आजी, हा कुडाच ना?" त्यांनी वर न पाहताच शेंगेकडे बोट केले. "ह्यो न्हवं, डाक्टर. ह्याची टोकं जुळल्यात बगा. पोटाला देत्यात त्यो दुसरा, वरच्या अंगाला हाय." वरच्या अंगाला खरोखरच पांढरा कुडा होता. ज्यांच्या घरी कुड्याच्या फुलांची व शेंगांची भाजी होते त्यांना हा भेद करावाच लागतो; चुकले तर चव सांगते.

येथे एक शास्त्रीय चर्चा करणे आवश्यक वाटते. कल्पस्थानातील वत्सककल्पात चरकाचार्यांनी कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत. मोठे फळ, पांढरे फूल व स्निग्ध पान असलेला तो पुरुष. श्याम-अरुण फूल, लहान फळ व लहान देठ असलेली ती स्त्री. पुंकुटज म्हणजे पांढरा कुडा याविषयी फारसा वाद नाही. स्त्रीकुटज म्हणजे काळा कुडा असे सर्रास लिहिले जाते, परंतु काळ्या कुड्याचे फूल पांढरे आहे. अरुणवर्ण तांबड्या कुड्याच्या फुलास अधिक जुळतो. मात्र त्याची शेंग जाड, खरबरीत, पांढुरक्या ठिपक्यांची असते आणि ती 'लहान फळ' या लक्षणात बसत नाही. आमच्या मते या प्रश्नाचा निकाल ग्रंथ समोर ठेवून लागणार नाही. तिन्ही झाडे एकाच ऋतूत, शक्य तर एकाच डोंगरावर पाहिलेल्या माणसानेच यावर लिहावे. महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हा विषय सुचवून ठेवतो.

व्यवहारात याचा अर्थ काय? प्रवाहिकेच्या रुग्णास आपण कुटजघनवटी देतो. चार दिवसांत गुण न आल्यास निदान फिरवितो, मात्रा वाढवितो, पथ्य मोडले का ते विचारतो. वटीत कुटज होता का, हा प्रश्न शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही. परवानाधारक फार्मसीस औषध नियमांच्या अनुसूची 'टी' प्रमाणे कच्च्या द्रव्याची तपासणी करावी लागते. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध तयार करणाऱ्या वैद्यास मात्र कायद्याने परवान्यातून मोकळे ठेवले आहे. म्हणजे त्याच्या खलात काय पडले हे पाहणारा दुसरा कोणी नाही.

आता धायटी. फार्मसीचालकांनी हा परिच्छेद विशेष लक्षपूर्वक वाचावा. माघ-फाल्गुनात सिंहगडाच्या उतारांवर गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि त्यात धायटीची (वुडफोर्डिया फ्रुटिकोसा) झुडपे तांबड्याभडक फुलांनी पेटल्यासारखी दिसतात. आसवारिष्टांत धातकीपुष्पांचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. फुलाबरोबर संधानास आवश्यक ते किण्व येते, त्यातील मधु त्या किण्वास पोसतो आणि कषाय रस आसवास स्थैर्य देतो, अशी साधारण समजूत आहे. या समजुतीत तथ्य असेल तर फूल केव्हा तोडले यास मोठे महत्त्व प्राप्त होते.

एक फूल हातात घेऊन उलगडून पाहावे. आपण ज्यास तांबडे फूल म्हणतो ती वस्तुतः पुष्पकोशाची नळी आहे. खऱ्या पाकळ्या नखाएवढ्याही नसतात. ही नळी फूल सुकल्यावर गळत नाही. आत फळ धरते, बी तयार होते, तरी तांबडी नळी वरती तशीच राहते. त्यामुळे चैत्रानंतर झोडपून गोळा केलेला मालही रंगाने 'फूल'च दिसतो. मध मात्र केव्हाच संपलेला असतो. पेठेतून आणलेल्या धायटीच्या फुलांची मूठभर रास कागदावर पसरून दहा नळ्या नखाने फोडाव्यात. आत बारीक बिया भरलेल्या आढळल्या तर तो फुलांचा माल नव्हे, फळांचा आहे. आमच्या मंडळातील एका फार्मसीचालकांनी ही परीक्षा सुरू केल्यापासून माल घेण्याचा महिना बदलला आहे. आसव न उठण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांस आम्ही प्रथम हेच पाहावयास सांगतो. गूळ व पात्र यांचा विचार त्यानंतर.

वसंत संपता संपता गेळ्याकडे जावे. गेळा म्हणजेच मदन (कॅटुनारेगम स्पायनोसा, पूर्वीचे रँडिया ड्युमेटोरम). काटेरी, ठेंगणे झाड; फळ लहान पेरूसारखे, डोक्यावर पुष्पकोशाचा मुकुट तसाच राहिलेला. अलीकडे वासंतिक वमनाची शिबिरे गावोगाव होऊ लागली आहेत आणि एकेका शिबिरास बरेच मदनफळ लागते. चरकाचार्यांनी वसंत व ग्रीष्म यांच्या संधिकाळात, शुभ नक्षत्रावर, पिकलेली, पांडुवर्ण, किडीने न पोखरलेली फळे घ्यावयास सांगितली आहेत. पुढे ती कुशात गुंडाळून, शेणाने लिंपून, धान्याच्या राशीत आठ रात्री ठेवण्याचा विधीही दिला आहे. या सर्व विधीचा हेतू पिप्पलींचे, म्हणजे आतील बीजांचे, वीर्य टिकविणे हाच असला पाहिजे. बाजारात मिळणारे फळ कोणत्या वर्षीचे हे विक्रेत्यासही ठाऊक नसते. फोडून पाहिले तर कित्येकांत भुगा. अशा फळाने वेग येत नाहीत, मग मात्रा वाढविली जाते. आणि पुढच्या शिबिरात ताजा माल आला की तीच वाढीव मात्रा रुग्णास अतियोगात नेते. वमन शिबिर घेणाऱ्यांनी निदान एकदा फाल्गुन-चैत्रात झाडावरचे पिकलेले फळ पाहून यावे.

पहिल्या पावसानंतरची भेट कंदांसाठी. काळी मुसळी (करक्युलिगो ऑर्किऑइडिस) प्रथम दिसते. ताडाच्या रोपासारखी चुणीदार पाने आणि अगदी मातीला टेकलेले पिवळे चांदणीसारखे फूल. पांढऱ्या मुसळीच्या गणातील (क्लोरोफायटम) रोपे त्याच सुमारास गवतातून वर येतात. त्यांच्याच कोवळ्या पानांची भाजी आपण कुली किंवा फोडशी म्हणून खातो. व्यापारात चालणारी पांढरी मुसळी आता मुख्यतः शेतातून येते. तिच्यात शतावरीच्या मुळ्या मिसळल्या जातात हे सर्वांस ठाऊक आहेच. अधिक गंभीर बाब कळलावीची. ग्लोरिओसा सुपर्बा, आपली लांगली. श्रावणात तिची तांबडी-पिवळी, ज्वाळेसारखी फुले लांबूनही ओळखू येतात. पण आषाढात, फूल येण्यापूर्वी, तीही एक हिरवा कोंब आणि खाली एक कंद एवढीच असते. या कंदात कोल्चिसीन असते. रसशास्त्राने तिला उपविषांत घातले आहे आणि गोमूत्रात शोधन सांगितले आहे ते उगीच नव्हे. रताळे किंवा रानकंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. तिची खूण पानाच्या टोकाशी आहे. टोक लांब होऊन तंतूसारखे वळते आणि शेजारच्या गवतास धरते. कंद नांगराच्या फाळासारखा काटकोनात वळलेला असतो. लांगली हे नाव त्यावरूनच. ज्या वैद्यांकडे खेड्यातील माणसे 'अमुक कंद आणला आहे, घ्या' म्हणून येतात, त्यांनी पाना-फुलांवाचून कंद स्वीकारू नये.

आश्विनातील भेटीत भारंगीची निळसर फुले पाहावीत (रोथेका सेराटा). तिच्याबाबत बाजारातील गोंधळ साधा आहे. मुळाच्या नावाखाली खोडाचे तुकडे येतात.

मोरवेलीचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे. आश्विनात कुंपणांवर व झुडपांवर पांढऱ्या फुलांची, पुढे पिसासारखे तुरे येणारी जी वेल (क्लेमॅटिसच्या जाती) दिसते, तिला महाराष्ट्रात मोरवेल म्हणतात आणि मूर्वा म्हणून वापरतात. फार्माकोपियातील मूर्वा ही मार्सडेनिया टेनासिसिमा, रुईच्या कुळातील. केरळात आणखी तिसरीच वेल मूर्वा म्हणून चालते. पहिल्या दोहोंतील भेद वाटेवर उभे राहून एका क्षणात करता येतो. पान तोडले असता चीक आला तर ती मार्सडेनियाच्या बाजूची. मोरवेलीस चीक नसतो आणि ती पानाच्या देठांनीच आधारास विळखा घालते. कोणती मूर्वा खरी यावर विद्वानांत मतभेद राहोत. परंतु आपण कोणती वापरली हे प्रत्येकाने आपल्या नोंदवहीत लिहिलेच पाहिजे. एरवी एका वैद्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

काही सूचना. पहाटे लवकर निघावे, रविवार टाळावा. सोबत भिंग, नोंदवही व कॅमेरा असावा. मोबाइलचा कॅमेराही पुरतो, मात्र पान, फूल, फळ व साल यांची वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत, निव्वळ झाडाचे एक चित्र निरुपयोगी. मधुमेह, हृद्रोग वा संधिवात असलेल्या सहकाऱ्यांनी अर्धशक्तीचा नियम स्वतःसही लावावा. कपाळावर व काखेत घाम येऊन तोंड कोरडे पडू लागले की बसावे. वैद्यांकडून हा नियम मोडला जाताना आम्ही अनेकदा पाहिले आहे.

डोंगरावरून काही तोडून आणू नये. वनखात्याच्या हद्दीत ते बेकायदा आहेच, पण आपल्या शास्त्राच्या दृष्टीनेही ते योग्य नाही. स्मशान, वारूळ, अशुची जागा व वाटेवरील औषधे घेऊ नयेत असा आपल्याकडे दंडक आहे. रोज हजारो पावले पडणारी, प्लास्टिक व इतर घाण साचलेली ही वाट त्या दंडकातून सुटत नाही. शिवाय कुड्याची साल खोडाभोवती संपूर्ण वर्तुळात काढली की झाड मरते. गडाच्या उतारांवर तसे सोललेले खोड आम्ही पाहिले आहे. ते कोणी सोलले हे सांगता येणार नाही, पण ती साल अखेर कोणाच्या तरी खलात गेली असणार.

मग ओळख पटलेला नमुना आणावयाचा कोठून? आयुर्वेद महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानातून परवानगीने, किंवा स्वतःच्या शेताच्या बांधावरून. पांढरा कुडा बियांपासून सहज उगवतो आणि मुरमाड जमिनीतही तग धरतो. आमच्या मंडळातील तिघांनी तो बांधावर लावला आहे. शरद ऋतूत छाटलेल्या फांदीची साल काढावी, कारण त्वचा, कंद व क्षीर यांच्या ग्रहणास शरदच सांगितला आहे. ही साल सावलीत वाळवून काचेच्या बरणीत ठेवावी. बरणीवर झाडाचे स्थान, काढल्याचा महिना व वर्ष आणि ओळख पटविणाऱ्याचे नाव लिहावे. पेठेतून नवे पोते आले की त्यातील तुकडा व बरणीतील तुकडा एकामागून एक चघळावा, मध्ये चूळ भरावी. धायटीच्या फुलांची दुसरी बरणी माघात भरावी. तिचा रंग वर्षभरात कसा उतरत जातो हे पाहिले म्हणजे बाजारातील मालाचे वय अंदाजाने सांगता येऊ लागते.